लेझर ५० फेमटोसेकंदांचा, मग इलेक्ट्रॉनची पल्स ५०० ची का?

नुकतीच पीएच.डी. सुरू केलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे ५० फेमटोसेकंदांच्या पल्स देणारा टायटॅनियम-सफायर लेझर आहे (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग; हजार फेमटोसेकंदांचा एक पिकोसेकंद). त्याच्या तिसऱ्या हार्मोनिकने, म्हणजे तिप्पट वारंवारतेच्या अतिनील प्रकाशाने, सोन्याच्या पातळ फोटोकॅथोडवरून इलेक्ट्रॉन उडवायचे, ३० किलोव्होल्टवर पळवायचे आणि लेझरच्याच दुसऱ्या भागाने तापवलेल्या धातूच्या फिल्ममधून (हा नमुना) त्यांचं विवर्तन घ्यायचं, म्हणजे अणूंच्या रचनेनुसार ते कसे विखुरतात ते टिपायचं, अशी मांडणी त्यांनी आकृतीसह पाठवली आहे. पण वेळेचं रिझोल्यूशन अर्ध्या पिकोसेकंदाच्या खाली उतरत नाही. ते विचारतात, "१५ फेमटोसेकंदांचा लेझर घेतला तर सुटेल का?"

नाही सुटणार. तो पैसा वाचवा, दुसरीकडे लागणार आहे.

तुमची अडचण लेझरच्या पलीकडे सुरू होते. लेझर फक्त इलेक्ट्रॉनची जन्मवेळ ठरवतो. डिटेक्टरवरच्या चित्रात उमटते ती इलेक्ट्रॉन नमुन्यापाशी पोचल्याची वेळ. जन्म आणि पोचणं यांच्या मधल्या काही सेंटिमीटरांत पल्स फुगते. किती फुगते आणि नेमकी कुठे, हे कळलं की खर्च कशावर करायचा ते आपोआप ठरतं.

इलेक्ट्रॉनच्या पल्सनी पदार्थातले झटपट बदल टिपण्याच्या या क्षेत्राचा जन्मच मुळी असा झाला. १९८२ साली रॉचेस्टर विद्यापीठात जेरार मुरू आणि स्टीव्ह विल्यमसन यांनी स्ट्रीक कॅमेऱ्याची नळी घेतली. प्रकाशाची पल्स किती लांब आहे हे मोजायचं ते यंत्र. त्यात प्रकाश फोटोकॅथोडवर पडतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि पडद्यावर जातात. म्हणजे इलेक्ट्रॉनची छोटी पल्स नळीत तयारच होती, तिच्या वाटेत कुणी नमुना ठेवला नव्हता इतकंच. त्यांनी तो ठेवला. दोन वर्षांनी त्याच गटाने २० पिकोसेकंदांच्या पल्सनी लेझरने तापवलेलं ॲल्युमिनियम वितळताना टिपलं. मुरूंना पुढे २०१८ चं नोबेल मिळालं ते डोना स्ट्रिकलंड यांच्याबरोबर केलेल्या, लेझरच्या आखूड पल्स जोरदार करण्याच्या दुसऱ्याच कामाला, पण आज तुमच्या टेबलावर जो लेझर ॲम्प्लिफायर आहे तो त्या दुसऱ्या कामाचाच वंशज.

आता तुमच्या मांडणीकडे, अगदी कॅथोडच्या पृष्ठभागापासून.

८०० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला साधारण चार ते पाच इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणून आपण तिसरा हार्मोनिक घेतो: २६६ नॅनोमीटर, ४.६६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा फोटॉनकडे जितकी जास्त शिल्लक, तितके इलेक्ट्रॉन जास्त सुटतात, पण तितकाच त्यांच्या सुरुवातीच्या वेगांत फरकही जास्त. कुणी जवळजवळ शून्य ऊर्जेने निघतो, कुणी अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊन. पुढे ३०,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळणार असताना अर्ध्याचं काय एवढं, असं वाटतं. मलाही वाटायचं.

उतारावर दोन सायकली एकाच क्षणी सोडा, एकीला सुटताना हलकासा धक्का द्या. धक्का मिळालेली पहिल्या काही फुटांतच पुढे निघून जाते. नंतर उतार दोघींना इतका वेग देतो की मूळ धक्क्याला किंमत उरत नाही. पण सुरुवातीला मिळालेली वेळेची आघाडी शेवटपर्यंत तशीच राहते. इलेक्ट्रॉनचं हुबेहूब हेच. कॅथोडजवळचं विद्युत क्षेत्र मिलिमीटरला १० किलोव्होल्ट असेल, तर शून्य आणि अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्टवाल्यांत सुमारे २४० फेमटोसेकंदांचं अंतर पडतं. त्यातलं जवळजवळ नऊ-दशांश पहिल्या एका मायक्रोमीटरमध्ये पडून गेलेलं असतं! क्षेत्र निम्मं केलं की हेच अंतर दुप्पट, ४८० फेमटोसेकंद. उलट, ३० किलोव्होल्टला पोचल्यावर ३० सेंटिमीटर मोकळा प्रवास करू दिला, तर त्याच अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टमुळे आणखी वीस-पंचवीस फेमटोसेकंदच वाढतात.

माझ्या पहिल्या यंत्रात कॅथोड आणि ॲनोड यांत ६ मिलिमीटर अंतर होतं, म्हणजे मिलिमीटरला ५ किलोव्होल्ट. मी सहा महिने लेझरची पल्स आखूड करण्यात घालवले. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने कागदावर वरचा दोन ओळींचा हिशोब करून दाखवला आणि चहा प्यायला निघून गेला. अंतर ३ मिलिमीटरवर आणलं तर दुसऱ्याच दिवशी ठिणगी पडली आणि कॅथोडवरचं सोनं सोललं गेलं. मिलिमीटरला १० किलोव्होल्ट ही स्थिर व्होल्टेजच्या गनची (इलेक्ट्रॉन सोडून पळवणाऱ्या या भागाची) साधारण व्यवहारातली हद्द समजा. तिथे पोचायचं तर इलेक्ट्रोड आरशासारखे घासलेले हवेत, कडा गोल हव्यात आणि व्होल्टेज तासन् तास थोडंथोडं चढवत न्यायला हवं. जुनी म्हैस नव्या गोठ्यात रुळवावी तसं. घाई केली की लाथ बसते.

हा झाला इलेक्ट्रॉन एकटा असतानाचा हिशोब. खरा गोंधळ गर्दीचा आहे.

इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. दादरला लोकलच्या दारातून माणसं बाहेर पडताना पुढच्याला मागून रेटा बसतो आणि मागचा अडतो, तसंच पल्सच्या पुढच्या टोकाचे इलेक्ट्रॉन पुढे रेटले जातात आणि मागच्यांचा वेग कमी होतो. याला आपण स्पेस चार्ज म्हणतो. एक ढोबळ हिशोब मांडतो, कॅथोडजवळचा हळू वेगाचा भाग सोडून. पल्स म्हणजे ०.१ मिलिमीटर त्रिज्येची पातळ चकती, तिच्यात १०,००० इलेक्ट्रॉन. ३० किलोव्होल्टचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ३३ टक्के वेगाने जातो, म्हणजे पिकोसेकंदाला जेमतेम ०.१ मिलिमीटर. ही चकती ३ सेंटिमीटर गेली की तिची लांबी ४५ मायक्रोमीटरच्या आसपास वाढते. वेळेत मोजलं तर ४५० फेमटोसेकंद.

या हिशोबात दोन गोष्टी नीट बघा. फुगवटा इलेक्ट्रॉनच्या संख्येच्या सरळ प्रमाणात आहे: १०,००० ऐवजी १,००० ठेवले तर ४५० चे ४५ होतात. आणि चकती पातळ आहे तोवर तो अंतराच्या वर्गाने वाढतो: ३ सेंटिमीटरचे ६ केले की चौपट. म्हणून या कामात जुने लोक यंत्राची लांबी सेंटिमीटर-सेंटिमीटरने छाटत असत. तुमच्या आकृतीत कॅथोड आणि नमुना यांच्यामध्ये चुंबकीय भिंग दिसतं. बहुतेक जण आधी ते नमुन्यामागे नेतात, मगच पुढचं बोलतात. तिथे नेल्यावर पल्स फुगली तरी बिघडत नाही, कारण वेळेची नोंद नमुन्यातच होऊन गेलेली असते. नमुन्यावर ठिपका थोडा मोठा पडेल, एवढं सोसावं लागतं.

आता सगळं एकत्र करू. लेझरचे ५०, सुरुवातीच्या ऊर्जेचे २४०, गर्दीचे ४५०. स्पेस चार्ज काटेकोरपणे अशा बेरजेत बसत नाही, पण अंदाजाला वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलेलं चालतं. उत्तर येतं ५१२ फेमटोसेकंद. लेझर १५ चा घेतला तर? ५१०. नव्या लेझरने दोन फेमटोसेकंद मिळाले. तोच १०,००० चा आकडा १,००० वर आणला तर उत्तर २५० च्या आत येतं, आणि त्याला खर्च येतो लेझरच्या वाटेत एक फिल्टर लावण्याचा.

म्हणून पहिलं काम: तुमच्या पल्समध्ये इलेक्ट्रॉन किती आहेत ते मोजा. प्रश्नात हा आकडा कुठेच नाही, आणि खरं सांगतो, तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. फॅरेडे कप (इलेक्ट्रॉन पकडून त्यांचा विद्युतभार गोळा करणारी धातूची वाटी) आणि चांगला पिकोॲमीटर (अतिसूक्ष्म प्रवाह मोजणारं यंत्र) पुरतो. १,००० हर्ट्झला दर पल्समध्ये १०,००० इलेक्ट्रॉन म्हणजे १.६ पिकोॲम्पिअर. आकडा इतका छोटा आहे की केबल हलली तरी काटा नाचतो, तेव्हा केबल चिकटपट्टीने टेबलाला पक्की करा आणि शटर उघड-बंद करून दोन्ही वेळा मोजा.

इलेक्ट्रॉन कमी केले की साहजिक प्रश्न येतो: चित्र कसं उमटणार? इथून पुढचं उत्तर तुमच्या नमुन्यावर अवलंबून आहे, माझ्या मतावर नाही. बरी विवर्तन-आकृती मिळायला एकूण दहा लाख ते कोटीभर इलेक्ट्रॉन लागतात असं धरून चाला. दर पल्सला १,००० आणि सेकंदाला १,००० पल्स म्हणजे सेकंदाला दहा लाख. दहा सेकंदांत एक चित्र, शंभर वेळांची मालिका वीस मिनिटांत. छान. पण याचा अर्थ तोच प्रयोग त्याच जागी लाखो वेळा करायचा, आणि दर वेळी नमुना पुढच्या पल्सच्या आत जसा होता तसा परत यायला हवा. सोन्याची, बिस्मथची फिल्म थोडी तापवून थंड होऊ दिली तर परत येते. वितळवलेली येत नाही. २००३ मध्ये टोरांटोत ड्वेन मिलर यांच्या गटाने २० नॅनोमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमचं वितळणं टिपलं तेव्हा दर वेळी फिल्मची नवी जागा पुढे आणावी लागली, आणि प्रत्येक पल्समध्ये इलेक्ट्रॉन भरपूर ठेवण्याला पर्याय नव्हता. त्यांची पल्स ६०० फेमटोसेकंदांची होती. तरी चाललं, कारण वितळायलाच ३.५ पिकोसेकंद लागत होते.

तेव्हा तुम्हालाही उलट प्रश्न: तुम्हाला बघायचं काय आहे? लेझरने सोन्यातले इलेक्ट्रॉन तापतात आणि ती उष्णता हळूहळू अणूंच्या जाळीत उतरते, विवर्तनाचे ठिपके फिके होत जातात, याला काही पिकोसेकंद लागतात. ते बघायचं असेल तर तुमचं आजचं यंत्र पुरेसं आहे, उगाच उघडू नका. बिस्मथच्या जाळीचं कंपन बघायचं असेल तर त्याचा एक हेलकावा साडेतीनशे फेमटोसेकंदांच्या आतबाहेर असतो. ५०० च्या पल्सने ते सपाट रेघ दिसेल. मग मात्र दुरुस्ती हवी.

इलेक्ट्रॉन कमी करायचेच नसतील तर लोक तीन वाटांनी गेले आहेत. एक, ऊर्जा वाढवायची. कॅलिफोर्नियात स्लॅक प्रयोगशाळेत काही मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन वापरतात. ते प्रकाशाच्या वेगाच्या इतके जवळ असतात की एकमेकांना ढकलण्याचा परिणामच फार थोडा उरतो. त्याला छोटा का होईना, प्रवेगक लागतो. एका पीएच.डी.त तो उभा राहात नाही. दुसरी वाट रेडिओ-लहरींच्या पोकळीची. साधारण ३ गिगाहर्ट्झची पोकळी वाटेत ठेवायची, तिचं क्षेत्र अशा क्षणी गाठायचं की पुढचे इलेक्ट्रॉन अडवले जातील आणि मागच्यांना ढकललं जाईल. मग मागचे पुढच्यांना नेमके नमुन्यापाशी गाठतात. आइंडहोवनच्या गटाने २०१० मध्ये अशा रीतीने १०० फेमटोसेकंदांच्या आत पल्स आणून दाखवली. ही पोकळी मी चार वर्षं वापरली आहे. पल्स आखूड होते, अगदी खरं. पण पोकळीची घड्याळाची टिकटिक आणि लेझरची टिकटिक यांत घसरण झाली की आखूड पल्सच कधी लवकर, कधी उशिरा पोचते, आणि दहा सेकंदांच्या सरासरीत सगळा फायदा धुऊन जातो. आमच्याकडे दुपारी एसीचं चक्र बदललं की आलेख वाकडा व्हायचा. तिसरी वाट याच कारणाने मला आवडते: पोकळीऐवजी त्याच लेझरपासून बनवलेली टेराहर्ट्झ लहर वापरायची. एकाच लेझरपासून दोन्ही निघाल्यामुळे घड्याळ एकच राहतं. जर्मनीत पीटर बाउम यांच्या गटाने २०१६ मध्ये हे करून दाखवलं. अर्थात तिथे पल्समध्ये इलेक्ट्रॉन अगदी मोजके असतात, तेव्हा तुमच्या गर्दीला हा थेट उपाय होणार नाही.

तुम्ही जाता जाता ॲटोसेकंद (फेमटोसेकंदाचा हजारावा भाग) इलेक्ट्रॉनबद्दलही विचारलं आहे. थोडक्यात सांगतो. २००९ मध्ये कॅलटेकला अहमद झेवाइल यांच्या गटाने दाखवलं की लेझरने उजळलेल्या सूक्ष्म वस्तूच्या अगदी जवळून गेलेला इलेक्ट्रॉन पूर्ण फोटॉनच्या पटीत ऊर्जा घेतो किंवा देतो. प्रकाशाची लहर त्याच्या वेगावर अशी लाटालाटांची नक्षी काढते, आणि तो थोडं अंतर गेला की वेगवान भाग मंद भागाला गाठून अतिशय बारीक ठोक्यांची माळ तयार होते. २०१७ मध्ये ग्योटिंगेनला क्लाउस रोपर्स यांच्या गटाने ६५५ ॲटोसेकंदांचे ठोके मोजले. सुंदर काम आहे. पण ती माळ आहे, सुटा मणी नाही. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश असेल तर दर २.७ फेमटोसेकंदांनी एक ठोका. शिवाय त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या दर्जाची, सुईच्या टोकावरून एकेक इलेक्ट्रॉन सोडणारी गन लागते. त्यातला पहिला शोध मात्र तुमच्या उपयोगाचा आहे: लेझर आणि इलेक्ट्रॉन एकमेकांवरून सरकवत ही ऊर्जेची देवघेव कधी सुरू होते आणि कधी थांबते ते मोजलं, की इलेक्ट्रॉनच्या पल्सची लांबी मिळते. फक्त त्यासाठी ऊर्जा मोजणारा स्पेक्ट्रोमीटर हवा, तो विवर्तनाच्या साध्या यंत्रात नसतो.

एक चोर अजून राहिला, आणि तुमच्या आकृतीवरून तो तुमच्याकडे आहे अशी मला शंका आहे. नमुन्याला तापवणारा लेझर तुम्ही तिरका आणला आहे. इलेक्ट्रॉन समोरून येतात, म्हणजे फिल्मवर सगळीकडे एकदम पोचतात. तिरका प्रकाश मात्र एका कडेला आधी आणि दुसरीला नंतर लागतो. कोन १० अंशांचा आणि इलेक्ट्रॉनचा ठिपका २०० मायक्रोमीटरचा असेल तर हा फरक सुमारे ११५ फेमटोसेकंद होतो. आज ५१२ मध्ये तो दिसणार नाही. बाकी सगळं सुधारून २५० वर आलात की टोचायला लागेल. आरसा इलेक्ट्रॉनच्या वाटेला जितका चिकटवता येईल तितका चिकटवा किंवा ठिपका लहान करा.

शेवटी शून्य वेळ शोधण्याबद्दल, कारण त्यावर तुम्ही तीन आठवडे घालवल्याचं लिहिलं आहे. लेझर आणि इलेक्ट्रॉन नमुन्यावर एकाच क्षणी कधी येतात हे पातळ फिल्मवर शोधू नका, तिथे बदल एक-दोन टक्क्यांचा असतो. नमुन्याच्या जागी मायक्रोस्कोपची साधी तांब्याची जाळी ठेवा आणि त्यावर लेझर चांगला जोराने एकवटा. जाळीतून इलेक्ट्रॉनचा ढग उडतो आणि आरपार जाणाऱ्या पल्सची सावली डोळ्यांना दिसेल इतकी वेडीवाकडी होते. आधी डिले स्टेज (लेझरची वाट लांब-आखूड करणारा सरकता आरसा) मिलिमीटर-मिलिमीटरने हलवा. प्रकाश जातो आणि परत येतो, म्हणून एक मिलिमीटर म्हणजे ६.७ पिकोसेकंद. सावली ज्या दोन जागांच्या मधे बदलली तिथे परत येऊन १५ मायक्रोमीटरच्या, म्हणजे १०० फेमटोसेकंदांच्या पावलांनी जा. त्याआधी दोन्ही वाटांची लांबी दोरीने मोजून घ्या, आणि इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तिपटीने मंद आहे हे त्यात धरायला विसरू नका: कॅथोडपासून नमुन्यापर्यंतचे ३ सेंटिमीटर प्रकाशाला १०० पिकोसेकंदांत पार होतात, तुमच्या इलेक्ट्रॉनला ३०० हून थोडे जास्त लागतात. मी पहिल्या वेळी हेच विसरलो होतो आणि स्टेजच्या भलत्याच टोकाला दहा दिवस शोधत बसलो.

फॅरेडे कपचा आकडा, कॅथोड-ॲनोड अंतर आणि कॅथोडपासून नमुन्यापर्यंतचं अंतर, हे तीन कळवा. मग गन उघडायची की नुसता फिल्टर लावायचा, ते नेमकं सांगता येईल.